सिग्नलला बंद पडणारी जुनी गाडी: पार्ट बदलण्याआधी काय विचारायचं आणि काय तपासायचं

आयडलला बंद पडणाऱ्या गाडीचा व्हिडिओ टाकला, पण त्यात टेस्ट दाखवता दाखवता मागचं कारण सांगायला वेळ पुरला नाही. ते इथे सविस्तर लिहितो. ज्यांचं छोटं गॅरेज आहे, दोन-तीन पोरं हाताखाली आहेत आणि ज्यांच्याकडे अजून ८००, झेन, एस्टीम, जुनी वॅगन आर, सँट्रो येतात, त्यांच्यासाठी हे आहे. मारुती ८००चं उत्पादन २०१४च्या जानेवारीत बंद झालं, एस्टीम २००७ला गेली, झेन त्याच्याही आधी. पण आपल्याकडे गारखेडा, सिडको, हडकोच्या गल्लीगल्लीत त्या उभ्या आहेत, आणि मालकांचा त्यांच्यावर जीव आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

१९९७ची एस्टीम, कार्बोरेटरवाली. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही त्यांना सरच म्हणतो. सर म्हणाले, "गाडी सिग्नलला बंद पडते." आमच्या पोराने जॉबकार्डवर लिहिलं, "आयडलिंग प्रॉब्लेम." इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागली, पण ते मला फार उशिरा कळलं. आम्ही कार्बोरेटर उघडून साफ केला, स्लो जेटमधून हवा मारली, प्लग आणि फिल्टर बदलले, ट्युनिंग केलं. बिल २,४०० रुपये. अर्धा तास गॅरेजमध्ये चालू ठेवली, घड्याळासारखी चालली.

चार दिवसांनी परत. या वेळी पोरं म्हणाली, पेट्रोल पंप असेल. पंप बदलला, १,७०० रुपये. पुन्हा अर्धा तास चालू ठेवली, काही नाही. तिसऱ्यांदा सरांचा फोन आला तो थेट अमरप्रीत चौकातून. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि काकूंनी खाली उतरून गाडी ढकलायला हात लावलेला. सर ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला सापडत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे दाखवतो." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, सर, तुम्ही रोज चालवता तशी चालवा. जालना रोडला आलो, लाल सिग्नल दिसला, सरांनी क्लच दाबला, ब्रेक दाबला. पायाजवळून "सूं" असा बारीक आवाज आला आणि इंजिन धडधडून बंद. गॅरेजमध्ये आम्ही काय करत होतो? हँडब्रेक ओढून गाडी चालू ठेवायची आणि बाहेर उभं राहून इंजिनाकडे बघायचं. ब्रेकच्या पेडलला कुणी पायच लावत नव्हतं. सर "सिग्नलला" म्हणत होते, आम्ही "आयडलला" ऐकत होतो.

दोष ब्रेक बूस्टरचा होता. बूस्टरच्या आतला पडदा फाटला की पेडल दाबल्यावर बाहेरची हवा बूस्टरमधून थेट इंटेक मॅनिफोल्डमध्ये शिरते. कार्बोरेटरवाल्या इंजिनाला आयडलवर एवढी जास्तीची हवा झेपत नाही, मिश्रण एकदम लीन होतं आणि इंजिन मरतं. ऐकून अंगावर काटा आला ते पुढचं. मी विचारलं, सर, ब्रेक जड वाटतो का? म्हणाले, "हो, बरेच दिवस. मला वाटलं माझंच वय झालं, पायातला जोर कमी झाला." म्हणजे आम्ही दोन वेळा जिचं ट्युनिंग करून दिलं, त्या गाडीचा ब्रेक निकामी होत चालला होता, आणि बंद पडणं ही त्याची खूण होती.

गाडी कशी मरते ते आधी बघा

आयडलला इंजिन सगळ्यात अशक्त असतं. थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद, हवा जेमतेम, पेट्रोल जेमतेम, फिरण्याची गती मिनिटाला आठ-नऊशे. साठच्या स्पीडला जो छोटा दोष लपून जातो तो इथे उघडा पडतो. म्हणून पहिला प्रश्न "काय खराब आहे" हा नसतो. "कशी बंद पडते" हा असतो.

एकदम, बटण दाबल्यासारखी बंद पडली तर बहुतेक वेळा करंटची गोष्ट असते: कॉइल, क्रँक सेन्सर, इग्निशन स्विच, मेन रिले, सैल अर्थिंग. अशा वेळी आरपीएमची सुई इंजिन थांबायच्या आधीच शून्यावर पडली तर क्रँक सेन्सर किंवा सप्लाय आधी धरा. उलट गाडी हेलकावे खात, थरथरत, दोनदा सावरायचा प्रयत्न करून मरत असेल तर हवा किंवा पेट्रोलचा हिशेब बिघडलाय. हा फरक नव्या पोरालासुद्धा एका दिवसात शिकवता येतो, आणि यातच अर्धं काम होतं.

दुसरा प्रश्न: कधी? थंड असताना की तापल्यावर? एसी लावल्यावर? ब्रेक दाबल्यावर? पॉवर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? रात्री लाइट, वायपर, पंखा सगळं चालू असताना? गाडी धुतल्यावर किंवा पावसात? बॅटरी बदलल्यापासून? यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या दाराकडे नेतं. थंडीत मरते तर चोक किंवा कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. धुतल्यावर मरते तर हायटेन्शन वायर आणि डेल्कोची कॅप, रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, तडा गेला असेल तर ठिणग्या दिसतात. सगळे लाइट लावल्यावर मरते तर अल्टरनेटर आणि अर्थिंग.

एसीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. एसी लागला की कॉम्प्रेसरचा भार पडतो आणि तो पेलायला आयडल थोडं वर जायला हवं. कार्बोरेटरच्या गाडीत त्यासाठी व्हॅक्युमवर चालणारं छोटं आयडल-अप असतं, एमपीएफआयमध्ये आयडल व्हॉल्व्ह ते काम करतो. पोरं थेट तो व्हॉल्व्ह काढायला जातात. त्याआधी बंपरच्या मागे कंडेन्सर बघा. बीड बायपासची धूळ त्याच्या जाळीत बसून चिखलासारखी घट्ट झालेली असते. त्यात पंखा हळू फिरत असेल तर गॅसचं प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर जड होतो आणि इंजिनाचा गळा दाबतो. अशा गाडीला पाण्याने कंडेन्सर धुऊन बरं केलेलं मी पाहिलंय. पार्टचा खर्च शून्य.

"बॅटरी बदलल्यापासून सुरू झालं"

हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं, कारण ग्राहक बॅटरीवाल्याशी आधीच भांडून आलेला असतो. एमपीएफआय गाडीत काय होतं बघा. थ्रॉटल बॉडीत वर्षानुवर्षं काजळी साठते. पाकळीच्या कडेने जाणारी हवा कमी होत जाते. ईसीयू हे ओळखतो आणि आयडल व्हॉल्व्ह दरवेळी थोडा जास्त उघडून भरपाई करतो, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तो हिशेब लक्षातही ठेवतो. मालकाला काहीच जाणवत नाही. मग एक दिवस बॅटरी काढली जाते, ईसीयू शिकलेलं विसरतो, आणि नव्या गाडीच्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडतो. घाणेरड्या थ्रॉटलला ती हवा पुरत नाही. गाडी बंद. बॅटरीवाल्याची काही चूक नाही, काजळी पाच वर्षांची आहे.

इथे थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करणं हाच बरोबर इलाज. पण दोन गोष्टी सांभाळा. पाकळीचा स्टॉप स्क्रू फॅक्टरीत सेट केलेला असतो, त्याला हात लावू नका. तो फिरवून आयडल वाढवलं की थ्रॉटल सेन्सर ईसीयूला "पाय अजून अॅक्सिलरेटरवर आहे" असं सांगतो, आणि ईसीयू आयडल सांभाळायचं कामच सोडून देतो. आज गाडी खूश, आठवड्याने परत तुमच्या दारात. दुसरं, साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत गाडीगणिक वेगळी आहे, मॅन्युअल बघा. साफसफाई करून लगेच चावी दिली आणि ग्राहक पहिल्याच चौकात अडकला, असं व्हायला नको.

पंपावर एवढा राग का?

गाडी बंद पडली की पंप बदला, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड. मीही तेच केलं हे वर सांगितलंच. विचार करा: आयडलला इंजिन किती पेट्रोल पितं? अगदी थोडं. कमजोर पंपही एवढं आरामात पुरवतो. पंप थकला असेल तर गाडी आधी कन्नडच्या औट्रम घाटात भार पडल्यावर रडेल, अमरप्रीतच्या सिग्नलला नाही. म्हणून सरांच्या गाडीला पंप लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, "सर, चढावर ओढते का?" ते म्हणाले असते, छान ओढते.

एमपीएफआयला प्रेशर गेज लावा. जुन्या रिटर्न लाइनच्या गाड्यांत साधारण तीन बार मिळतं, रेग्युलेटरला व्हॅक्युम पाइप असेल तर आयडलला अडीचच्या आसपास. तो पाइप काढून नाकाला लावा. आत पेट्रोलचा ओलावा किंवा वास असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय आणि गाडी रिच होऊन मरतेय. हे पेट्रोलचं असं दुखणं आहे जे आयडललाच जास्त दिसतं.

गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर तुमचं नशीब चांगलं. दोन्ही इंधनांवर चालवून बघा. फक्त पेट्रोलवर मरत असेल तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन बहुतेक ठीक आहेत, पेट्रोलच्या बाजूला शोधा. दोन्हीवर मरत असेल तर हवा, करंट किंवा इंजिन.

हवा कुठून शिरते

व्हॅक्युम गेज अजून बऱ्याच गॅरेजमध्ये नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. स्कॅनरला पैसे घालतात, पण २०१०च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी स्वस्त ओबीडी स्कॅनर बोलतच नाही. गेज सगळ्यांशी बोलतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की निरोगी इंजिनाला आयडलवर १७ ते २१ इंच व्हॅक्युम मिळतं. ते समुद्रसपाटीचं आहे. आपलं शहर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, आणि दर हजार फुटाला अंदाजे एक इंच कमी होतो. म्हणजे इथे १५ ते १९ दिसलं तर घाबरू नका. मुंबईत शिकून आलेल्या एका पोराने याच कारणावरून एका चांगल्या इंजिनाचं टायमिंग हलवून ठेवलं होतं.

सुई खाली पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. सुई ठरावीक तालात खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा एखादा सिलेंडर. टॅपेट फार टाइट केलेले असले तरी तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडल जातं. वरच्या स्पीडला ते कळतही नाही.

गळती शोधायला व्हॅक्युमचे पाइप एकेक करून चिमट्याने दाबा: बूस्टर, पीसीव्ही, आयडल-अप, जो असेल तो. ज्याला दाबल्यावर इंजिन सावरलं त्या बाजूला दुखणं. बूस्टरचा पाइप दाबल्यावर ब्रेकची मदत जाते, म्हणून ही टेस्ट चाकाला ओट लावून उभ्या गाडीवरच, आणि चिमटा काढल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर कार्ब क्लीनर मारून आवाज बदलतो का बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ती पेट्रोल शिंपडण्यासारखीच आहे. पाण्याची फवारणी करा. गळती मोठी असेल तर पाण्यानेही फरक कळतो.

एक बारकावा. ज्या गाडीत मॅप सेन्सर आहे, आणि जुन्या मारुती एमपीएफआयमध्ये तो असतो, तिथे छोट्या गळतीने गाडी बंद पडण्यापेक्षा आयडल वर चढतं. तेव्हा आयडल जास्त म्हणून आलेली गाडी आणि आयडल कमी म्हणून आलेली गाडी, दोघींना एकच इलाज लावू नका.

बूस्टरची टेस्ट आता आमच्याकडे प्रत्येक अशा गाडीला होते, दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नंतर आयडलवर पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. "सूं" आवाज नको, इंजिन ढासळायला नको.

ई-२० आणि कार्बोरेटर

सरांच्या एस्टीमला नवा बूस्टर बसला, बंद पडणं थांबलं, तरी आयडलला किंचित थरथर राहिली. ती पेट्रोलची होती. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२०ला ती साडेतेराच्या आसपास येते. एमपीएफआयचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटला मात्र भोक एवढंच माहीत, त्यामुळे मिश्रण लीन होतं, आणि त्याचा त्रास आधी आयडलला होतो. पीयूसीच्या मशीनवर हे छान दिसतं: सीओ अगदी कमी आणि एचसी वर, म्हणजे मिश्रण लीन होऊन काही ठोके कोरे जातायत. आम्ही मशीन लावून मिक्श्चर स्क्रू अर्धा आटा बाहेर घेतला, थरथर गेली. दुचाकीतून आलेल्या पोरांची इथे गफलत होते. तिकडचा एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण लीन होतं, इकडचा मिक्श्चर स्क्रू बाहेर काढला की रिच.

शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, म्हणून फिल्टर लवकर तुंबतो. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात. आणि महिन्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीच्या टाकीत ओल धरली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. अशा मालकांना सांगा, टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका.

आता पैशाचं

माझ्या गॅरेजचा महिन्याचा ठरलेला खर्च, भाडं, पगार, लाइट धरून, त्या वेळी १,२०,००० रुपये होता. दोन बे, २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४१६ तास. एका बेचा एक तास मला सुमारे २९० रुपयांना पडत होता, गाडी आत असो की नसो. एस्टीमच्या पहिल्या दोन फेऱ्यांत नऊ तास गेले, म्हणजे २,६१० रुपये. मी पंपाचं बिल पूर्ण परत केलं, त्यात १,३०० रुपयांचा पंप माझ्या अंगावर आला. हातात राहिली पहिल्या बिलातली ९०० रुपये मजुरी. तीन हजारांचा खड्डा, आणि वर सरांच्या मनातून उतरलो ते वेगळंच.

तेव्हापासून आम्ही तपासणीचे ५०० रुपये वेगळे घेतो. पहिल्या महिन्यात लोक कुरकुरले. "बघायचे कसले पैसे?" मी काउंटरवर एवढंच सांगतो: काका, पाचशेत तासभर फक्त शोधतो, रस्त्यावर तुमच्यासोबत जातो, काय सापडलं ते लिहून देतो. काम आमच्याकडे केलं तर पाचशे बिलातून वजा. सापडलं नाही तर पैसे परत आणि कुठलाही पार्ट बदलणार नाही. शेवटचं वाक्य ऐकून बहुतेक लोक खुर्ची ओढून बसतात, कारण प्रत्येकाने कुठे ना कुठे नको असलेला पंप विकत घेतलेला असतो.

जॉबकार्डही बदललं. तक्रारीच्या रकान्यात आता ग्राहकाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, पोराने त्याचं भाषांतर करायचं नाही. खाली चार छोटे रकाने: थंड की गरम, काय चालू होतं, पाय कुठे होता, मागच्या महिन्यात गाडीवर काय काम झालं. "पाय कुठे होता" हे वाचून नवे ग्राहक हसतात. सर आता सर्व्हिसिंगला येतात तेव्हा तो रकाना स्वतःच्या हाताने भरतात.